टीव्हीवरची प्रश्नमंजूषा, रिमोट आपल्या हातात



आज बचत आणि कर्जाचा हिशेब थोडा बाजूला ठेवू आणि एका खेळाबद्दल बोलू. पुष्कळ घरांत शोकेसमध्ये नाहीतर माळ्यावर एक डीव्हीडी प्लेअर धूळ खात पडलेला असतो. लग्नाची सीडी बघायला, पोरांना सिनेमे दाखवायला कधीतरी घेतलेला. मोबाईल आला आणि तो मागे पडला. याच प्लेअरवर घरातली सगळी मिळून, किंवा आपला पूर्ण गट मिळून, प्रश्नमंजूषा खेळू शकतो. टीव्ही प्रश्न विचारतो, चार पर्याय दाखवतो, आपण रिमोटने उत्तर द्यायचं आणि बरोबर की चूक ते लगेच कळतं. याला नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, हा पोरांचा खेळ, आमचा काय संबंध? संबंध आहे. बैठकीत कर्जाच्या व्याजाचा विषय निघाला की दहा जणींपैकी दोघी-तिघीच बोलतात. बाकीच्यांना माहीत नसतं असं नाही. चुकलं तर हसतील, ही भीती असते. घरात टीव्हीचा रिमोटही बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच हातात असतो. उत्तर मोठ्याने सांगायची आणि रिमोटचं बटण स्वतः दाबायची सवय या खेळाने लागते. आणि चुकलं तर मशीन टोमणा मारत नाही.

हा खेळ आला कुठून?

प्रश्न विचारून खेळायचा खेळ जुनाच. कॅनडातल्या दोघा मित्रांना १९७९ मध्ये सामान्यज्ञानाच्या खेळाची कल्पना सुचली आणि ‘ट्रिव्हिअल पर्सूट’ नावाचा पटावरचा खेळ तयार झाला. सोंगट्या, फासा आणि प्रश्नांची कार्डं असा तो प्रकार. पुढे १९९६ मध्ये जपानमध्ये पहिले डीव्हीडी प्लेअर विकायला आले. घरोघरी प्लेअर पोचल्यावर खेळ तयार करणाऱ्यांच्या लक्षात आलं, की कार्डावर लिहिलेला प्रश्न पडद्यावर चित्रासह, आवाजासह विचारता येईल. अमेरिकेत २००२ मध्ये ‘सीन इट’ नावाचा खेळ आला. त्यात सिनेमाचा तुकडा दाखवायचा आणि त्यावर प्रश्न विचारायचा. ब्रिटनमध्ये तर टीव्हीवरच्या गाजलेल्या प्रश्नांच्या कार्यक्रमांच्याच डीव्हीडी निघाल्या. नाताळच्या सुट्टीत जेवणं झाली की सगळं घर टीव्हीपुढे बसून त्या खेळायचं.

त्यातला एक कार्यक्रम तुम्हाला चांगला माहीत आहे. ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’ वरूनच आपल्याकडे २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ आला. मराठीत २०१३ मध्ये सचिन खेडेकरांनी आणि २०१९ मध्ये नागराज मंजुळे यांनी असा कार्यक्रम केला. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे आठवतात ना? शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवणाऱ्या. महिन्याला दीड हजार रुपये मानधन. २०१९ मध्ये त्यांनी ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी रुपये जिंकले. त्यांच्याकडे ज्ञान आधीपासून होतं, ते बोलून दाखवायची जागा तिथे मिळाली. अशी छोटी जागा आपण घरात आणि गटात करू शकतो.

मशीनला उत्तर कसं कळतं?

हे समजून घेतलं की खेळताना गोंधळ होत नाही. प्लेअर काही विचार करत नाही. डीव्हीडीवर छोटे छोटे व्हिडिओ आधीच भरून ठेवलेले असतात. एक प्रश्नाचा, एक ‘शाब्बास, बरोबर’ म्हणणारा, एक ‘चुकलं’ सांगणारा. प्रश्नाच्या पानावर अ, ब, क, ड ही चार बटणं असतात. प्रत्येक बटणामागे एक सूचना दडलेली असते: हे दाबलं तर अमुक व्हिडिओकडे जा. रस्त्यावर फाटा असतो आणि प्रत्येक वाट वेगळ्या गावाला जाते, तसंच. तुम्ही ब दाबलं आणि बरोबर उत्तर ब असेल, तर प्लेअर शाब्बासकीच्या व्हिडिओकडे जातो.

मग गुण कोण मोजतं? प्रत्येक डीव्हीडी प्लेअरमध्ये खेळासाठी आकडे ठेवायचे १६ छोटे कप्पे असतात. बरोबर उत्तर आलं की सूचना मिळते, पहिल्या कप्प्यात एक मिळव. कोणता प्रश्न विचारून झाला, कोणत्या गटाची पाळी आहे, हेही तिथेच लिहिलं जातं. पण हे कप्पे तात्पुरते असतात. लाईट गेली की सगळे पुसले जातात. म्हणून आपल्याकडे खेळताना एका बाईने वहीत गुण लिहिलेच पाहिजेत. गटाचं रजिस्टर ठेवणाऱ्या सचिव ताईंना हे काम अगदी जमेल.

प्रश्न दर वेळी वेगळ्या क्रमाने कसे येतात? चिठ्ठी काढावी तसा कोणताही आकडा उचलण्याची सोय प्लेअरमध्ये असते. डीव्हीडी तयार करणाऱ्याने ती वापरली असेल तर क्रम बदलतो. नसेल वापरली, तर दर वेळी तोच क्रम येतो आणि चौथ्या दिवशी पोरांना उत्तरं पाठ झालेली असतात.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. कोणी म्हणालं, ‘मी ही डीव्हीडी पेन ड्राईव्हवर व्हिडिओ करून देतो’, तर खेळ चालणार नाही. प्रश्न आणि उत्तरं सिनेमासारखी सरळ पुढे जातील आणि रिमोट दाबून काही होणार नाही. कारण बटणांमागच्या सूचना व्हिडिओत येत नाहीत, त्या डीव्हीडीच्या मेनूमध्ये असतात.

प्लेअर पुन्हा सुरू करताना

बंद पडलेला प्लेअर आधी कोरड्या कापडाने पुसा. मागे पिवळी, पांढरी आणि लाल पिन असते. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. टीव्हीच्या त्याच रंगाच्या भोकात ती लावा आणि टीव्हीच्या रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबून ‘एव्ही’ निवडा. चित्र काळंपांढरं आलं तर आधी बघा, पिवळी पिन चुकून हिरव्या भोकात गेली आहे का. काही नवीन टीव्हींना ही भोकं नसतात, तिथे दुकानदाराला टीव्हीची मागची बाजू दाखवून योग्य वायर घ्या.

रिमोट चालत नसेल तर सेल बदला. तरी शंका असेल तर एक सोपी युक्ती आहे. मोबाईलचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे करा आणि बटण दाबा. मोबाईलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट उजेड चमकला तर रिमोट चालू आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने बघा.

खेळताना रिमोटवरची पाचच बटणं लागतात: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार बाण आणि मधलं ‘ओके’ किंवा ‘एंटर’. बाणाने हव्या त्या पर्यायावर जायचं, त्याचा रंग बदलतो, मग ओके. मधेच ‘स्टॉप’ दाबू नका. पुष्कळ प्लेअरवर दोनदा स्टॉप दाबलं की खेळ पहिल्यापासून सुरू होतो.

डिस्क कडेने धरा, चकचकीत बाजूला बोट लावू नका. पुसायची तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. ताट घासतो तशी गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा माहितीच्या रेषेवरूनच जातो आणि डिस्क अडकते.

आणखी एक. कोकणातल्या आणि इतरही भागांतल्या घरांतून आखातात, परदेशात गेलेली माणसं तिकडून डीव्हीडी आणतात. डीव्हीडीच्या पाकिटावर पृथ्वीच्या गोळ्याच्या चित्रात एक आकडा असतो. भारताचा आकडा ५, अमेरिकेचा १, ब्रिटन आणि आखाती देशांचा २. आकडा जुळला नाही तर काही प्लेअर ती डिस्क नाकारतात. प्लेअर बिघडला असं समजून दुरुस्तीला पैसे घालण्याआधी तो आकडा बघा. ‘ऑल’ लिहिलं असेल तर कुठेही चालते.

गटात खेळायची पद्धत

बाजारातल्या अशा बऱ्याच डीव्हीडी इंग्रजीत, परदेशी सिनेमे आणि खेळांवरच्या असतात. त्या आपल्या फारशा कामाच्या नाहीत. मराठी किंवा हिंदी मिळाली तर उत्तम. नाहीतर आपली आपण करता येते, ते पुढे सांगते. आधी खेळायची पद्धत.

बारा-पंधरा जणी असतील तर तीन संघ करा. शिकलेल्या सगळ्या एका संघात नकोत. सासू-सून शक्यतो वेगवेगळ्या संघांत ठेवा, म्हणजे दोघीही मोकळ्या बोलतात. प्रश्न आला की एकीने तो मोठ्याने वाचायचा, कारण सगळ्यांना वाचता येतं असं नाही. संघाने आपसात बोलायचं, मग रिमोट ज्या ताईंकडे आहे त्यांनी बटण दाबायचं. दर प्रश्नाला रिमोट पुढच्या बाईकडे गेला पाहिजे. हा नियम मोडू देऊ नका. नाहीतर रिमोट एकीकडेच राहतो आणि बाकीच्या पुन्हा गप्प बसतात.

काही डीव्हीडीत दहा-पंधरा सेकंदांची वेळ असते, वेळ संपली की उत्तर चुकलं असं धरतात. नवख्या बायकांना ही घाई नको. ‘पॉज’ चालत असेल तर दाबा, नसेल चालत तर मशीनचे गुण सोडा आणि वहीतले गुण खरे माना.

उत्तर बरोबर आलं की त्या संघाने कारण सांगायचं. कारण सांगितलं तर एक गुण जास्त. ‘अंदाजे दाबलं’ असं कोणी म्हणालं तर तेही चालतं, पण मग खरं कारण कोणाला माहीत आहे ते विचारा. खेळातलं शिकणं इथेच होतं. आणि चुकलेल्या उत्तराला हसायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा.

आपली डीव्हीडी आपण करू

यासाठी कॉम्प्युटर जाणणारी एक मुलगी किंवा मुलगा, डीव्हीडी लिहिणारा ड्राईव्ह असलेला कॉम्प्युटर आणि एक कोरी डीव्हीडी लागते. नवीन लॅपटॉपना हा ड्राईव्ह नसतो, तेव्हा गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये किंवा फोटो स्टुडिओत चौकशी करा. ‘डीव्हीडीस्टाइलर’ नावाचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात पानं तयार करायची, पानावर बटणं ठेवायची आणि कोणतं बटण कुठे नेईल ते सांगायचं.

पहिल्यांदा वीसच प्रश्न घ्या. प्रत्येक प्रश्नाला तीन पानं लागतात: प्रश्नाचं, बरोबरचं आणि चुकलेलं. म्हणजे साठ पानं झाली. चुकलेल्या पानावर नुसतं ‘चूक’ लिहू नका, खरं उत्तर आणि एका ओळीत कारण लिहा, आणि पुढच्या प्रश्नाकडे नेणारं बटण ठेवा. अक्षरं मोठी हवीत, एका पानावर चार-पाच ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. प्रश्न गटातल्याच एखाद्या ताईच्या आवाजात रेकॉर्ड करून त्या पानाला जोडता येतो. ओळखीचा आवाज टीव्हीतून आला की सगळ्या कान टवकारतात.

वाचता न येणाऱ्या बायकांसाठी अ, ब, क, ड ऐवजी चित्रं ठेवा: सूर्य, चंद्र, झाड, घागर. मग आजीबाईसुद्धा ‘घागर दाबा’ म्हणून ओरडतील. डिस्क लिहून झाली की कॉम्प्युटरवर चालली यावर समाधान मानू नका, घरच्या प्लेअरवर लावून बघा, मगच दुसरी प्रत काढा.

हे सगळं जमलं नाही तर हरकत नाही. प्रश्न कार्डांवर लिहा, मागे उत्तर लिहा, टीव्हीशिवाय खेळा. नियम तेच.

प्रश्न कसले असावेत?

प्रश्न आपल्या उपयोगाचे हवेत, आणि उत्तर एकच असलं पाहिजे. थोडे नमुने देते.

शेकडा दरमहा दोन रुपये व्याज म्हणजे वर्षाला किती टक्के? उत्तर २४ टक्के. हजार रुपयांना महिन्याला २० रुपये, वर्षाला २४० रुपये. हा प्रश्न ठेवाच. ‘दोन टक्के’ ऐकून स्वस्त वाटतं, आणि सावकार काय किंवा कर्ज देणारी कंपनी काय, आकडा महिन्याचा सांगतात की वर्षाचा, हे विचारायची सवय लागली तर पुढचं मोठं नुकसान टळतं.

गटाची पंचसूत्री कोणती? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. यातलं एक चुकीचं सूत्र घालून ‘कोणतं बसत नाही’ असं विचारता येतं.

बँक बुडाली तर एका ठेवीदाराच्या किती रकमेला विम्याचं संरक्षण? पाच लाख रुपयांपर्यंत. फसवणुकीत खात्यातले पैसे गेले तर कोणता नंबर लावायचा? १९३०. महिलांसाठी मदतीचा नंबर? १८१. मुलांसाठी? १०९८. तातडीच्या मदतीला? ११२.

नियमित ग्रामसभेच्या आधी कोणती सभा व्हायला हवी? महिलांची ग्रामसभा. हे उत्तर आलं की थांबा आणि विचारा, आपल्या गावात ती शेवटची कधी झाली?

पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा कोणत्या वर्षी सुरू झाली? १८४८. बहिणाबाई चौधरींचं माहेर कोणतं? जळगाव जिल्ह्यातलं आसोदे. असे प्रश्न मधूनमधून टाका, म्हणजे खेळ जड होत नाही. लोणच्याचे, बियाण्याचे, गावच्या जत्रेचे प्रश्नही घाला. त्यात वयस्क बायका सगळ्यांना हरवतात.

जुनी डीव्हीडी, जुनं उत्तर

इथे सावध राहायचं. डीव्हीडी ज्या वर्षी लिहिली, त्या वर्षाचं उत्तर तिच्यात कायमचं राहतं. २०१४ च्या आधीची डीव्हीडी महाराष्ट्रात ३५ जिल्हे सांगेल. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि ३६ झाले. जुन्या डिस्कमध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद असेल, आज ते छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव आहेत.

जिल्ह्याचं नाव चुकलं तर फार बिघडत नाही, पण पैशाच्या आणि हक्काच्या बाबतीत बिघडतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता आधी १२ रुपये होता, जून २०२२ पासून २० रुपये झाला. जीवन ज्योती विम्याचा ३३० वरून ४३६ झाला. १२ रुपयेच कापले जातील अशा समजुतीने खात्यात तेवढेच ठेवले, तर हप्ता कापला जाणार नाही आणि विमा बंद पडेल. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क देणारी दुरुस्ती २००५ ची आहे. त्याआधीच्या पुस्तकावरून कोणी प्रश्न काढला तर उत्तर चुकीचं येईल, आणि एखादी बहीण तेच खरं धरून बसेल.

म्हणून डिस्कवर पेनाने महिना-वर्ष लिहा. योजना, व्याजदर, हप्ते यांचे प्रश्न दरवर्षी बँकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून तपासा.

खेळाच्या नावाने येणारी फसवणूक

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. प्रश्नमंजूषेची आवड लागली की तिच्या नावाने जाळं टाकणारेही असतात. ‘तुमचा नंबर केबीसीच्या लॉटरीत लागला, २५ लाख मिळाले’ असा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो. फोटो, शिक्का, सगळं खऱ्यासारखं असतं. मग सांगतात, रक्कम मिळण्याआधी कर भरा, फाइलचे पैसे भरा. भरले की आणखी मागतात. न खेळलेल्या खेळात कोणी बक्षीस देत नाही, आणि बक्षीस देण्यासाठी आधी पैसे मागणारा माणूस चोर असतो. ओटीपी, पिन कोणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर घरचे रागावतील म्हणून लपवू नका. लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

डीव्हीडीचा खेळ या बाबतीत बरा. तो तुमचा नंबर विचारत नाही, खातं विचारत नाही, जाहिरात दाखवत नाही. बटण बंद केलं की संपला.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात घरात प्लेअर आहे का ते बघा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक प्रश्न आणि त्याचं तपासलेलं उत्तर लिहून आणायचं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, सचिव ताई लिहून घेतील. वीस जणींचा गट असेल तर वीस प्रश्न तिथेच जमतात. पहिला डाव कागदावर खेळा, आणि ज्या ताई बैठकीत कधीच बोलत नाहीत त्यांच्या हातात पहिलं कार्ड द्या.

नमस्कार.